कानावरचे ग्रॅम, कानातले मायक्रॉन

समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो १,०१,३२५ पास्कल. या दाबात आपण जन्मभर वावरतो आणि त्याची जाणीवही होत नाही. मात्र याच दाबात अवघ्या ०.००००२ पास्कलचा, म्हणजे २० मायक्रोपास्कलचा चढउतार झाला आणि तो सेकंदाला हजारेक वेळा झाला, तर निरोगी तरुण कानाला तो आवाज म्हणून ऐकू येतो. भागाकार करून पाहा: पाचशे कोटींतला एक भाग. जमिनीपासून वर गेलं की हवेचा दाब घटतो, हे आपण शाळेत शिकलो. तो २० मायक्रोपास्कलने घटायला किती वर जावं लागेल? सुमारे १.७ मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन भागही नाहीत. एवढ्या क्षीण आवाजाने कानाचा पडदा जितका हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं.

दुसरं टोक १२० डेसिबलचं. तिथे कान दुखू लागतो. तिथला दाब २० पास्कल, म्हणजे खालच्या टोकाच्या दहा लाख पट. ऊर्जेच्या हिशेबात हा फरक दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटी पट भरतो. एवढी व्याप्ती पेलणारं दुसरं इंद्रिय शोधायला गेलं तर फक्त डोळाच त्याच्या जवळपास येतो.

महागडे हेडफोन या कानाच्या अगदी दाराशी, दोन-तीन सेंटिमीटरवर जाऊन बसतात. त्यांची तुलना करताना मात्र आकड्यांची रेलचेल असते. खोक्यावर ५१,००० हर्ट्झ, जाहिरातीत सोनं, प्लॅटिनम आणि बेरिलियम, किमतीत पाच-सहा आकडे. माझं म्हणणं असं, की हे मोठे आकडे खरे असले तरी निवड त्यांच्यावर करू नये. हेडफोनचा आवाज आणि सुख ठरतं ते फार छोट्या आकड्यांवर: काही ग्रॅम, काही न्यूटन, दोन-तीन डेसिबल आणि मायक्रॉनचा काही अंश. हे छोटे आकडे थक्क करण्यात मोठ्यांपेक्षा तसूभरही कमी नाहीत.

प्रकाशाच्या लहरीपेक्षा पातळ

हेडफोनचं काळीज म्हणजे डायफ्रॅम, हवा ढकलणारा पातळ पडदा. त्याला हलवण्याच्या पद्धतीवरून हेडफोनच्या तीन मुख्य जाती आहेत. डायनॅमिक प्रकारात छोट्या स्पीकरसारखी कॉइल डायफ्रॅमला मागून ढकलते. प्लॅनर मॅग्नेटिकमध्ये तारेची नक्षी थेट फिल्मवरच उमटवलेली असते आणि ती फिल्म चुंबकांच्या ओळींमध्ये ताणून बसवलेली असते. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये कॉइल नाही, चुंबकही नाही. दोन जाळीदार इलेक्ट्रोडच्या मधोमध विद्युतभारित फिल्म लटकते आणि विद्युतक्षेत्र तिला मागेपुढे ओढतं.

अमेरिकेतल्या ऑडीझी कंपनीने २०१५ मध्ये एलसीडी-४ हा प्लॅनर हेडफोन काढला, तेव्हा त्याच्या फिल्मची जाडी अर्धा मायक्रॉन सांगितली होती. तांबड्या प्रकाशाच्या लहरीची लांबी ०.६५ मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे फिल्म तांबड्या प्रकाशाच्या एका लहरीपेक्षा पातळ. अशा पॉलिमर फिल्मची घनता पाण्याच्या १.४ पट धरून मी हिशेब केला. नुसत्या फिल्मचं वजन तिच्यासमोरच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराइतकं निघतं. वरच्या धातूच्या रेषांचं वजन वेगळं, पण मुद्दा स्पष्ट आहे. इथे ढकलणारी वस्तू जवळजवळ तिने ढकललेल्या हवेइतकीच हलकी झाली आहे. म्हणून सूर थांबला की तीही लगेच थांबते. तबल्याच्या थापेची कड धारदार ऐकू येते आणि दोन थापांमधली शांतता खरोखर शांत राहते. चांगल्या प्लॅनर आणि इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या आवाजात जो झटपटपणा जाणवतो, त्यामागे हलकेपणाचा वाटा मोठा आहे.

आता हा डायफ्रॅम हलतो तरी किती? कानाभोवतीच्या बंद कपात ६० घनसेंटिमीटर हवा आहे असं धरू. ९० डेसिबलच्या आवाजासाठी दाबात ०.६३ पास्कलचा चढउतार हवा. वायूचा साधा नियम लावला तर त्यासाठी हवेचं आकारमान सुमारे पाव घनमिलिमीटरने बदलावं लागतं. ४० मिलिमीटर व्यासाच्या डायफ्रॅमला तेवढ्यासाठी सरकावं लागतं ०.२ मायक्रॉन. रुमानियातल्या मेझे कंपनीच्या एम्पिरियन हेडफोनमधली फिल्म ४,६५० चौरस मिलिमीटरची आहे. बंद कपात तीच फिल्म बसवली तर तिला ६० नॅनोमीटरच पुरतात. मोठ्या आवाजात गाणं चालू असताना डायफ्रॅम डोळ्यांना स्थिर का दिसतो, ते यावरून कळावं. उघड्या पाठीच्या, म्हणजे ओपन-बॅक हेडफोनमध्ये खर्जाची हवा बाजूने निसटते, त्यामुळे तिथे कितीतरी जास्त हलावं लागतं. ओपन-बॅकमध्ये खोल खर्ज मिळवणं अवघड असतं ते याच कारणाने.

५८० व्होल्ट आणि १२६ पट वीज

जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला. त्यांच्या आजच्या हेडफोनच्या फिल्मवर ५८० व्होल्टचा स्थिर विद्युतदाब ठेवलेला असतो. आपल्या घरातला सॉकेट २३० व्होल्टचा, म्हणजे इथे त्याच्या अडीच पट व्होल्टेज कानाच्या बाजूला आहे. विद्युतप्रवाह मात्र नगण्य असतो आणि रचनाच अशी असते की धोका राहत नाही. या जातीला साधा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, चालत नाही, तिचा स्वतंत्र ॲम्प घ्यावा लागतो. किंमत बघताना ही जोडी धरूनच बघायची.

विजेच्या भुकेतला फरक तर आणखी चक्रावणारा आहे. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन शहरातली फोकाल कंपनी २०१६ पासून यूटोपिया बनवते. एक मिलिवॉट वीज दिली की तो १०४ डेसिबल आवाज देतो. हायफायमॅनचा २०१७ चा सुस्वारा तेवढ्याच विजेत ८३ डेसिबल देतो. फरक २१ डेसिबलचा, म्हणजे सारख्याच आवाजासाठी सुस्वाराला १२६ पट वीज लागते. गाण्यातल्या टोकाच्या क्षणांना १०३ डेसिबल हवे असतील तर यूटोपियाचं काम मिलिवॉटपेक्षा कमी विजेत होतं आणि सुस्वाराला १०० मिलिवॉट लागतात. पहिला फोनला लावायच्या साध्या डोंगलवरही मजेत वाजतो. दुसऱ्यासाठी भक्कम ॲम्प नसेल तर सहा हजार डॉलरचा हेडफोन मरगळलेला वाटतो आणि घेणारा दोष हेडफोनला देतो. दोन महागड्या हेडफोनची तुलना एकाच फोनला लावून करणारा माणूस खरं तर फोनचीच परीक्षा घेत असतो.

यूटोपियाचा डायफ्रॅम बेरिलियमचा आहे. बेरिलियमची घनता ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश, पण ताठरपणा चौपट. बेरिलियममधून ध्वनी सेकंदाला जवळजवळ १३ किलोमीटर वेगाने जातो, ॲल्युमिनियममधून पाचेक किलोमीटर. असा ताठ डायफ्रॅम एकसंध हलतो आणि मध्येच वाकून स्वतःचा खणखणाट गाण्यात मिसळत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: बेरिलियमची धूळ फुप्फुसांना विषारी असते, त्यामुळे कारखान्यात ती फार काळजीने हाताळावी लागते. हा डायफ्रॅम महाग असण्याचं ते एक कारण आहे.

टाळूवरचं वजन

मेझे एम्पिरियनचं वजन ४३० ग्रॅम. त्यातला आवाज करणारा, प्रत्यक्ष हलणारा भाग एका बाजूला ०.१६ ग्रॅमचा. दोन्ही बाजू मिळून ०.३२ ग्रॅम. म्हणजे एका भागाचं संगीत वाजवायला तेराशेहून अधिक भागांचं वजन डोक्यावर वाहायचं. चुंबक, चौकट, कप, हेडबँड, पॅड ही सगळी त्या एक-तृतीयांश ग्रॅमची पालखी. दिवसाला दोन तास ऐकणारा वर्षाला ७३० तास ती वाहतो. म्हणून सुखाचा हिशेब आवाजाच्या आधी केलेला बरा.

कंपन्यांनी दिलेली वजनं एका ओळीत ठेवून पाहू. सेनहायझरचा १९९७ पासून चालत आलेला एचडी ६०० आहे २६० ग्रॅम. त्याच कंपनीचा एचडी ८०० एस ३३० ग्रॅम. प्रवासात घालायचा, गोंगाट कापणारा सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅम, तर ॲपलचा २०२० चा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅम. डॅन क्लार्क ऑडिओचा स्टेल्थ ४१५, सुस्वारा ४५०, यूटोपिया ४९० आणि ऑडीझीचा एलसीडी-४ तब्बल ६९० ग्रॅम.

नुसत्या वजनावरून मात्र त्रास ठरत नाही. तो ठरतो दाबावर, म्हणजे वजन किती जागेवर टेकलंय त्यावर. ६९० ग्रॅमचा भार ६.८ न्यूटन. हेडबँड टाळूला दहा चौरस सेंटिमीटर जागेवर टेकत असेल आणि सगळा भार तिथेच येत असेल, तर दाब होतो ६,८०० पास्कल. डॉक्टरांच्या भाषेत पाऱ्याचे ५१ मिलिमीटर. त्वचेतल्या केशवाहिन्यांचा रक्तप्रवाह साधारण ३२ मिलिमीटरच्या आसपास अडू लागतो असं मानतात. टाळूवर विशिष्ट जागी जी ठसठस सुरू होते आणि हेडफोन काढल्यावरही थोडा वेळ राहते, तिचं मूळ इथे आहे. तेच ६९० ग्रॅम रुंद चामडी पट्ट्याने चाळीस चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दाब पाऱ्याच्या १३ मिलिमीटरपर्यंत उतरतो. सोनीचे २५० ग्रॅम पंधरा चौरस सेंटिमीटरवर टेकले तरी साधारण तेवढाच दाब येतो. चांगला पट्टा पाऊण किलोच्या हेडफोनला पाव किलोचा भास देऊ शकतो, इतकं साधं गणित आहे. प्रत्यक्षात थोडा भार इअरपॅडच्या घर्षणानेही पेलला जातो, म्हणून खरे आकडे याहून सौम्य असतील, पण क्रम हाच राहतो.

ही गोष्ट कंपन्यांनाही उमगली. ऑडीझीने २०२१ मध्ये एलसीडी-५ काढला तो ४२० ग्रॅमचा. एका पिढीत २७० ग्रॅम उतरवले, म्हणजे आधीच्या वजनाचे ३९ टक्के. त्यासाठी चुंबक, चौकट, कप सगळं नव्याने आखावं लागलं. त्याची किंमत ४,५०० डॉलर होती, एलसीडी-४ पेक्षा पाचशेने जास्त. महागड्या हेडफोनच्या बाजारात वजन कमी करणं हे वजन वाढवण्यापेक्षा महाग पडतं.

दुसरी ताकद बाजूने दाबणारी. गोंगाटाच्या कारखान्यात कानाला लावायच्या संरक्षक मफसाठी युरोपीय मानकाने हेडबँडच्या दाबाची कमाल मर्यादा १४ न्यूटन ठेवली आहे आणि उशीच्या दाबाची ४,५०० पास्कल. घरात ऐकायचे हेडफोन याहून बरेच सौम्य असतात. एका बाजूला पाच न्यूटन धरले आणि पॅडची टेकणारी जागा पन्नास चौरस सेंटिमीटर, तर दाब हजार पास्कल. पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर. हे सहज सोसतं.

इथे चष्मा आला की हिशेब बदलतो. चष्म्याची काडी पॅड आणि कानशिलाच्या मध्ये दोनेक चौरस सेंटिमीटरवर टेकते. पाचापैकी एक न्यूटन जरी तिच्यातून गेला तरी तिथला दाब ५,००० पास्कल होतो, म्हणजे पाऱ्याचे ३७ मिलिमीटर. चष्मेवाल्याला अर्ध्या-पाऊण तासाने कानामागे कळ लागते ती एवढ्यामुळे. शिवाय काडीच्या बाजूने बारीक फट राहते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो हवाबंद कपामुळे. फट पडली की खर्ज गळतो. म्हणून एकाच हेडफोनबद्दल चष्मेवाला आणि बिनचष्म्याचा वेगवेगळं सांगतात आणि दोघांचंही बरोबर असतं. मऊ पॅड आणि बारीक काडी यांनी दोन्ही तक्रारी बऱ्याच मिटतात.

राहता राहिला घाम. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात चामड्याचे बंद कप घालून बसणं ही शिक्षा आहे. कानाभोवती हवा कोंडते, पॅड ओलसर होतो आणि नकली चामड्याचा थर दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्र्यांनी सुटू लागतो. वेलूर किंवा कापडी पॅड थंड राहतो, घाम शोषतो, पण थोडा आवाजही बाहेर सोडतो. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने पॅड बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, हे आधी विचारावं. पॅड बदलल्याने आवाजही बदलतो, म्हणून शक्यतो मूळ कंपनीचेच घ्यावेत.

तीन हजार हर्ट्झचा डोंगर

आता आवाज. माणसाची श्रवणकक्षा २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ नेमकी दहा सप्तकं. आपलं गायन साधारण तीन सप्तकांत फिरतं आणि पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झला संपते. एचडी ८०० एसच्या माहितीपत्रकात ४ ते ५१,००० हर्ट्झ लिहिलेलं आहे. २०,००० च्या वरचं हे सव्वा-दीड सप्तक कोणत्याही माणसाला ऐकू येत नाही. पन्नाशीतल्या बहुतेकांना तर १४-१५ हजारांच्या वरचंही येत नाही. तो आकडा खोटा नाही, पण त्यावरून हेडफोन निवडणं म्हणजे वटवाघळाच्या वतीने खरेदी करणं होय.

खरी कसोटी ३,००० हर्ट्झच्या आसपास आहे. आपली कर्णनलिका सुमारे २५ मिलिमीटर लांबीची. एका टोकाला बंद असलेल्या एवढ्या नळीचा अनुनाद ३,४०० हर्ट्झजवळ येतो. नळी आणि बाहेरचा कान मिळून या भागातला आवाज दहा-पंधरा डेसिबलने उचलतात. समोर बसलेल्या गायकाचा आवाज आपण जन्मापासून या उंचवट्यासकटच ऐकत आलो आहोत. हेडफोन कानाला लागला की बाहेरच्या कानाचं हे काम बरंचसं बिघडतं, म्हणून हेडफोनने तो डोंगर स्वतः उभा करावा लागतो. तो बुटका राहिला तर आवाज गुदमरलेला वाटतो. दोन-तीन डेसिबलने उंच झाला तर किंचाळतो.

हा डोंगर नेमका केवढा हवा, यावर हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३ पासून पद्धतशीर काम केलं. वेगवेगळ्या देशांतल्या, वयांच्या आणि अनुभवाच्या श्रोत्यांना हेडफोन न दाखवता आवाज ऐकवले. पसंतीत आश्चर्य वाटावं इतकं एकमत निघालं. २०१८ च्या त्यांच्या वर्गीकरणात सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना एकच आलेख आवडला, १५ टक्क्यांना खर्ज थोडा जास्त हवा होता आणि २१ टक्क्यांना थोडा कमी. म्हणजे चांगला आवाज ही निव्वळ ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब नाही. तिला बऱ्यापैकी पक्का सामाईक पाया आहे.

हे स्वतः तपासायचं असेल तर माझ्या मते तानपुऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही. त्या वाद्याची सारी करामत घोडीवरच्या जवारीत असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं, की वळणदार घोडी आणि तिच्यावरचा दोरा मिळून तारेतून असे वरचे स्वर काढतात जे साध्या घोडीवर निघालेच नसते. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आणि खर्जाची तार ६९.३ हर्ट्झ. षड्जाचा विसावा स्वयंभू स्वर २,७७२ हर्ट्झला येतो, खर्जाचा चाळिसावाही तिथेच. म्हणजे जवारीची झळाळी कानाच्या त्याच डोंगरावर चढते. खर्जाची तार छेडल्यावर आधी भरदार गुंजन यावं, मग त्यातून एकेक स्वर वर सरकत जावा, गंधार सापडावा, आणि तार थंडावताना ती किनार हळूहळू विरावी. चांगल्या हेडफोनमध्ये हे उलगडणं मोजता येईल इतकं स्पष्ट असतं. ३,००० ला खड्डा असेल तर तानपुरा नुसता घुमतो. ६,००० ला सुळका असेल तर तारेवर पत्रा वाजतो. मूळ एचडी ८०० मध्ये ६,००० हर्ट्झजवळ असा सुळका होता. एचडी ८०० एसमध्ये सेनहायझरने शोषक कप्पा बसवून तो खाली आणला. मला या दोन हेडफोनमधला हा एक बदल त्यांच्या बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

दोन कानांमधला मेळ ही शेवटची कसोटी. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांत तो पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद असतो आणि निष्णात श्रोत्याला १० मायक्रोसेकंदांचा फरकही कळतो. तेवढ्या वेळात ध्वनी ३.४ मिलिमीटर जातो. दोन्ही कानांतल्या आवाजाच्या पातळीतला फरकही मेंदू असाच वापरतो, म्हणून डाव्या-उजव्या डायफ्रॅममध्ये एक डेसिबलचा फरक असला तरी मधोमध बसलेला गायक बाजूला सरकतो. म्हणून चांगल्या कंपन्या डायफ्रॅम मोजून, जोड्या लावून बसवतात. महागड्या हेडफोनमध्ये पैसा खरोखर कुठे जातो असं विचारलं तर मी या कामाकडे बोट दाखवेन.

अर्ध्या कोटीपर्यंतची शिडी

किमतीचं टोक सेनहायझरच्या एचई १ मध्ये दिसतं. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या या संचाची किंमत सुमारे ५०,००० युरो होती, म्हणजे आजच्या दराने अर्ध्या कोटी रुपयांच्या आसपास. त्यात सहा हजारांहून अधिक सुटे भाग, प्लॅटिनमचा मुलामा दिलेली २.४ मायक्रॉनची फिल्म, इटलीतल्या करारा खाणीच्या संगमरवरातला ॲम्प, आठ व्हॅक्यूम ट्यूब आणि १०० डेसिबलला ०.०१ टक्के विकृती. विकृती दहा हजारांत एक भाग असेल तर ती संगीताच्या ८० डेसिबल खाली राहते. अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहे, यात शंका नाही.

पण किंमत आणि आवाज एकत्र चढतात का? ध्वनिसंशोधक यरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. स्वरांचा तोल आणि किंमत यांच्यात त्यांना नातं सापडलं नाही. तोल बिघडलेले महागडे हेडफोन आहेत आणि तीन-चारशे डॉलरचा एचडी ६०० आजही तोलाच्या बाबतीत अनेक लाखमोलाच्या हेडफोनना मान खाली घालायला लावतो. जास्त पैशांत डायफ्रॅमचा झटपटपणा, कमी विकृती, डाव्या-उजव्याचा मेळ, साहित्य आणि कारागिरी मिळू शकते. तोल मात्र कानाने तपासूनच घ्यायचा.

केसपेशींचा हिशेब

हे सगळं ज्याच्यासाठी चालतं ते यंत्र ३५ मिलिमीटर लांबीच्या शंखात गुंडाळलेलं आहे. प्रत्येक कानात आतल्या ओळीत सुमारे ३,५०० केसपेशी असतात आणि बाहेरच्या ओळींत बारा हजारांच्या आसपास. दहा सप्तकांत वाटल्या तर सरासरीने एका सप्तकाला आतल्या ३५० पेशी, आणि सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एकेकाला तीसेक. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. असंख्य जाहिराती आणि लाखोंची यंत्रं या मूठभर पेशींवर अवलंबून आहेत.

जिन्याची एक पायरी चढताना हवेच्या दाबात सुमारे दोन पास्कलचा फरक पडतो. आपल्याला तो जाणवतही नाही. तोच दोन पास्कलचा फरक सेकंदाला शेकडो वेळा कानावर आदळू लागला की तो १०० डेसिबल होतो. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला राहतात फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सुचवली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. तोच हिशेब १०१ डेसिबलला लावला तर अख्ख्या आठवड्यात जेमतेम १९ मिनिटं पुरतात. याच संघटनेच्या अंदाजाने असुरक्षित पद्धतीने ऐकल्यामुळे जगातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे.

म्हणून लोकलमध्ये ओपन-बॅक घालू नये. तिथे बाहेरच्या गोंगाटावर मात करायला हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. प्रवासाला गोंगाट कापणारा बंद हेडफोन, आणि घरच्या शांततेत ओपन-बॅक. दोन्ही कामं एकाकडूनच करून घ्यायचा हट्ट कानाला महाग पडतो.

घेणाऱ्याला माझा सल्ला थोडक्यात सांगतो. वजन विचारा आणि ४०० ग्रॅमच्या वरचा हेडफोन रुंद पट्ट्याशिवाय घेऊ नका. दुकानात दहा मिनिटं ऐकून निर्णय घेऊ नका, स्वतःचा चष्मा लावून तासभर घालून बसा. एक मिलिवॉटला किती डेसिबल ते पाहा आणि ॲम्पचा खर्च आधीच धरा. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जरा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. ओळखीचा तानपुरा लावून डोळे मिटा. खर्जातून गंधार उमलताना ऐकू आला, तासाभराने टाळू दुखली नाही आणि हे सगळं ८० डेसिबलच्या आत झालं, तर तो हेडफोन घ्या. मग तो तीस हजारांचा असो की पाच लाखांचा.